पौलाच्या वाटेने ग्रीसला: मंडळीच्या गटयात्रेची तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

ग्रीसमधील बायबलकालीन स्थळांच्या यात्रेला निघणारे बहुतेक गट अथेन्सला उतरतात, दुसऱ्या दिवशी करिंथ पाहतात, मग बेटांवर जातात आणि दिवस उरलेच तर उत्तरेकडे धावतपळत फिलिप्पै गाठतात. नवा करार वाचणाऱ्या माणसाला हा क्रम उलटा आहे. ख्रिस्ताचा संदेश सांगत फिरणारा प्रेषित पौल उत्तरेच्या किनाऱ्यावर उतरला आणि दक्षिणेकडे गेला. नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा १६:११ ते १८:१८ (अध्याय आणि वचन) एवढा मजकूर म्हणजेच या यात्रेचा आराखडा आहे. तयारीतही असाच उलटा क्रम दिसतो: आधी तिकिटे काढली जातात, मग व्हिसाची धावपळ होते, आणि वचन कोणी, कुठे वाचायचे हे बसमध्ये ठरते. खालील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत, त्याच क्रमाने पार पाडावेत. एखादा टप्पा अपुरा असताना पुढच्याला हात घालू नये.

## १. वाचन आधी, वाट नंतर (निघण्यापूर्वी दहा महिने)

पहिल्या सभेत दर आणि हॉटेल यांची चर्चा करू नये. फादर किंवा पाळक यांनी कृत्ये १६, १७ आणि १८ हे तीन अध्याय मोठ्याने वाचून घ्यावेत आणि भिंतीवर नकाशा लावून प्रत्येक गाव दाखवावे. मराठी बायबलमधील नियापुली म्हणजे आजचे कवाला, बिरुया म्हणजे वेरिया, किंख्रिया म्हणजे केखरिएस. ही जोडी वहीत लिहून घेतली नाही, तर बसमधून जाताना रस्त्यावरची पाटी आणि हातातले पुस्तक यांचा मेळ लागत नाही.

त्यानंतर महिन्यातून एकदा, याप्रमाणे फिलिप्पैकरांस पत्र, थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र आणि करिंथकरांस पहिले पत्र वाचून घ्यावे. पहिली दोन पत्रे छोटी आहेत, त्यातले प्रत्येक पंधरा-वीस मिनिटांत मोठ्याने वाचून होते. गटात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही कुटुंबे असतील, तर कोणते भाषांतर वापरायचे हे इथेच ठरवावे, कारण नावांची रूपे आणि वाक्यरचना वेगळी असल्यामुळे एकत्र वाचन करताना गोंधळ उडतो. वाचकांची नावेही याच वेळी नेमावीत, म्हणजे प्रत्येक स्थळासाठी एक वाचक आणि एक राखीव वाचक असतो.

या सभांचा आणखी एक उपयोग आहे. केवळ परदेश पाहण्यासाठी नाव दिलेले लोक दोन-तीन सभांनंतर आपोआप बाजूला होतात. पैसे भरल्यावर त्यांनी माघार घेण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

तपासा: तिसऱ्या सभेपर्यंत स्थळे, त्यांची वचने आणि वाचक यांचा एक पानी तक्ता तयार झाला पाहिजे. पुढे एजंटशी बोलताना आणि व्हिसाचा प्रवासक्रम लिहिताना हाच तक्ता लागतो.

## २. तारखा ठरवणे

हवामानाच्या दृष्टीने एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने योग्य ठरतात. जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या दगडी अवशेषांवर सावली जवळजवळ नसते, आणि अलीकडच्या वर्षांत उष्णतेच्या लाटेत अथेन्सचा अक्रोपोलिस दुपारी बंद ठेवला जातो. ज्येष्ठ माणसे असलेल्या गटाने या काळाचा विचारच करू नये.

खरी चूक ईस्टरच्या बाबतीत होते. आपल्याकडे पवित्र सप्ताह आणि ईस्टर आटोपले, आता फादर मोकळे झाले, म्हणून लगेच निघण्याचे ठरते. पण ग्रीसमध्ये ऑर्थोडॉक्स, म्हणजे तिथल्या बहुसंख्य ख्रिस्ती पंथाचा, ईस्टर बहुतेक वर्षी नंतर येतो आणि गट नेमका त्यांच्या पवित्र सप्ताहात जाऊन पोहोचतो. २०२७ मध्ये आपला ईस्टर २८ मार्चला आहे आणि ऑर्थोडॉक्स ईस्टर २ मे रोजी. म्हणजे महाराष्ट्रातल्या शाळांच्या सुट्टीला धरून एप्रिलच्या शेवटी निघालेला गट उत्तम शुक्रवार ते ईस्टर सोमवार या दिवसांत अडकेल, स्थळे बंद किंवा उशिरा उघडणारी मिळतील आणि हॉटेलांचे दर चढलेले असतील. २०२८ मध्ये मात्र दोन्ही ईस्टर १६ एप्रिललाच येतात, तेव्हा ही अडचण राहत नाही.

१ जानेवारी, २५ मार्च, ऑर्थोडॉक्स ईस्टरचा रविवार, १ मे आणि २५-२६ डिसेंबर या दिवशी सरकारी पुरातत्त्व स्थळे बंद असतात. १ मे त्यांच्या पवित्र सप्ताहात आला, तर ती सुट्टी पुढच्या दिवसांवर ढकलली जाते, हेही लक्षात ठेवावे. हिवाळी वेळापत्रकात स्थळे दुपारीच बंद होतात आणि काही संग्रहालयांना आठवड्याची सुट्टी असते.

## ३. गट, जबाबदाऱ्या आणि पैसा

गट पंचवीस ते पस्तीस जणांचा असावा. त्याहून मोठा झाल्यास वाचन ऐकू जात नाही आणि एकच स्वच्छतागृह असलेल्या ठिकाणी अर्धा तास केवळ रांगेत जातो. आध्यात्मिक नेतृत्व आणि व्यवस्था ही दोन कामे दोन माणसांकडे द्यावीत. ज्या फादरांना सकाळी संदेश द्यायचा आहे, त्यांच्याच हातात खोल्यांच्या किल्ल्या आणि जेवणाच्या तक्रारी दिल्या, तर दोन्ही कामे बिघडतात.

पैशाच्या बाबतीत तीन गोष्टी लेखी असाव्यात. पहिली, हप्ते किती, कोणत्या तारखेला आणि व्हिसा नाकारला गेल्यास किती रक्कम परत मिळणार. दुसरी, पैसा चर्चच्या ट्रस्टच्या देणगीखात्यात घेऊ नये, कारण प्रवासशुल्क ही देणगी नव्हे आणि वर्षअखेरच्या हिशेबात त्याचा खुलासा करणे अवघड जाते. प्रत्येकाने थेट एजंटच्या खात्यात भरून पावती घ्यावी. तिसरी, ठरावीक संख्येच्या प्रवाशांमागे एजंट एक जागा मोफत देतो. ती कोणाला जाणार, की तिची किंमत सगळ्यांत वाटली जाणार, हे पहिला हप्ता घेण्यापूर्वीच जाहीर करावे. याबाबत मौन राहिले, की परतल्यावर वर्षभर कुजबुज चालते.

परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे एजंटने आगाऊ गोळा केलेला आयकर, कापला जातो. त्या वर्षीचा दर एजंटकडून लेखी घ्यावा आणि प्रत्येकाचा पॅन बरोबर नोंदवला आहे ना, हे पाहावे. ही रक्कम आयकर विवरणपत्रात वळती करून घेता येते, मात्र पॅन चुकल्यास ती अडकते.

## ४. एजंटशी करार

एजंटला आपला एक पानी तक्ता द्यावा आणि नेमक्या याच क्रमाची मागणी करावी: थेस्सलनीकाला उतरणे आणि अथेन्सहून परतणे. जाण्याचे आणि येण्याचे विमानतळ वेगळे असले तरी एकाच तिकिटावर ते करता येते. "थेस्सलनीका दूर पडते, सगळे अथेन्सहूनच करू" असे उत्तर आल्यास समजावे, की त्यांच्याकडे तयार पॅकेज आहे आणि ते आपल्या माथी मारले जात आहे. हा उलटा क्रम स्वीकारल्यास बसचे शेकडो किलोमीटर वाढतात आणि वाचनाची साखळी तुटते.

करारात पुढील गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात. प्रवेश तिकिटे धरली आहेत का, दुपारचे जेवण धरले आहे का, गाइड परवानाधारक आहे का आणि सर्वांना हेडसेट मिळणार का. ग्रीसमध्ये स्थळांवर मार्गदर्शन करण्यासाठी परवानाधारक गाइड लागतो, आपल्या नेत्याने मोठ्याने इतिहास सांगायला सुरुवात केली तर पहारेकरी थांबवू शकतात. हॉटेलात प्रत्येक खोलीमागे दर रात्री एक सरकारी शुल्क द्यावे लागते, ते हॉटेलच्या दर्जानुसार आणि हंगामानुसार बदलते आणि बहुधा तिथेच भरायचे असते. कोण भरणार हे ठरले नसेल, तर रात्री दमून आलेल्या लोकांची काउंटरवर वादावादी होते.

बसचालकाच्या कामाच्या तासांना युरोपीय नियमांचे बंधन आहे. साधारणपणे दिवसाला नऊ तास चालवणे, साडेचार तासांनंतर किमान ४५ मिनिटांची विश्रांती आणि दोन दिवसांच्या मध्ये अकरा तासांचा आराम असा हिशेब असतो. "रात्री उशिरा पोहोचू, सकाळी लवकर निघू" ही आपल्याकडची सवय तिथे चालत नाही. चालकाला जादा पैसे देऊन हा नियम मोडायला लावणे हा गुन्हा आहे.

सावधान: इफिस तुर्कस्तानात आहे, ग्रीसमध्ये नाही. "जाता जाता एक दिवस इफिस" असा मोह झाल्यास तुर्कस्तानचा स्वतंत्र व्हिसा आणि परत येण्यासाठी एकाहून अधिक प्रवेशांचा शेंगेन (ग्रीससह बहुतेक युरोपीय देशांचा सामाईक) व्हिसा लागतो. पहिल्या यात्रेत हे जोडू नये.

## ५. पासपोर्ट आणि व्हिसा

इथे सर्वाधिक यात्रा मोडतात, म्हणून हा टप्पा घाईने उरकू नये.

पासपोर्ट. युरोपातून परतण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने तो वैध हवा, गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा आणि त्यात दोन कोरी पाने हवीत. सुरक्षित म्हणून सहा महिन्यांची मुदत धरावी. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत नावाचा घोळ हमखास असतो. बाप्तिस्म्याचे नाव वेगळे, शाळेच्या दाखल्यावरचे वेगळे, डिसोजा कुठे सलग तर कुठे अपॉस्ट्रॉफीसह, आणि वडीलधाऱ्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा. पासपोर्ट, पॅन, विमा आणि तिकीट यांवरची नावे अक्षरशः जुळवावीत. दुरुस्ती करायची असल्यास ती आत्ताच करावी, नंतर तिला आठवडे लागतात.

अर्जाची वेळ. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण ते ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतात. मुंबईत उन्हाळ्याच्या हंगामात भेटीची वेळ मिळणे हीच मोठी अडचण असते, म्हणून तीन-साडेतीन महिने आधी गटाच्या वेळा मिळवाव्यात. २०२४ च्या जूनपासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आहे, व्हिसा अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. बोटांचे ठसे देण्यासाठी बारा वर्षांवरील प्रत्येकाला स्वतः हजर राहावे लागते, गेल्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी ठसे दिलेले असतील तर ते पुन्हा वापरले जाऊ शकतात.

अर्ज कोणत्या देशाकडे. सर्वाधिक मुक्काम जिथे, त्या देशाकडे. विमान दुसऱ्या शेंगेन देशातून जात असले तरी आपला मुक्काम ग्रीसमध्ये आहे, म्हणून अर्ज ग्रीसकडेच करायचा. मात्र अशा वेळी सीमेवरील तपासणी त्या पहिल्या देशातच होते, हे प्रवासवेळ ठरवताना धरावे.

कागद. प्रवासविम्याचे वैद्यकीय संरक्षण किमान ३०,००० युरोचे असावे आणि ते संपूर्ण शेंगेन क्षेत्रासाठी, जाण्यायेण्याच्या दिवसांसह असावे. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा आणि अलीकडचा हवा. नोकरी करणाऱ्यांनी रजेचे पत्र, व्यावसायिकांनी व्यवसायाची नोंदणी आणि विवरणपत्रे, निवृत्तांनी पेन्शनचा पुरावा द्यावा. ज्या आजी-आजोबांचा खर्च मुलगा किंवा मुलगी करत आहे, त्यांच्यासाठी प्रायोजकत्वाचे पत्र, नात्याचा पुरावा आणि मुलांची बँक विवरणपत्रे लागतात. फादर आणि सिस्टर यांच्याकडे बहुधा वैयक्तिक विवरणपत्र नसते. त्यांच्यासाठी बिशपांचे किंवा संघाच्या वरिष्ठांचे खर्चाच्या हमीचे पत्र आधीच मागून ठेवावे. सर्व अर्जांसोबत चर्चच्या लेटरहेडवर गटाची यादी, यात्रेचा उद्देश आणि दिवसवार कार्यक्रम असलेले एकच पत्र जोडावे.

नाकारल्या जाणाऱ्या अर्जांमध्ये काही कारणे पुन्हा पुन्हा दिसतात. अर्जापूर्वी आठवडाभर खात्यात अचानक भरलेली मोठी रक्कम हे त्यातले पहिले. नातेवाइकांकडून उसने घेऊन शिल्लक फुगवण्यापेक्षा कमी शिल्लक आणि खरे प्रायोजकत्व अधिक विश्वासार्ह ठरते. दुसरे कारण म्हणजे एकाच गटातल्या दोन अर्जांत वेगवेगळे प्रवासक्रम. एजंट जुना नमुना वापरतो आणि कुणाच्या कागदात सँटोरिनी बेट येते, कुणाच्या कागदात येत नाही. व्यवस्थापकाने सर्व अर्ज एकत्र पसरून तारखा आणि हॉटेले जुळवल्याशिवाय एकही अर्ज केंद्रावर जाऊ देऊ नये.

तपासा: व्हिसा हाती आल्यावर नाव, पासपोर्ट क्रमांक, वैधतेच्या तारखा आणि मुक्कामाचे दिवस त्याच दिवशी वाचावेत. अंतिम तिकिटे आणि उरलेला हप्ता यांची मुदत शक्य तितकी व्हिसानंतरची मागून घ्यावी.

## ६. उपासनेची व्यवस्था

अवशेषांच्या कुंपणाआड, पूर्वपरवानगीशिवाय, मिस्सा (कॅथलिक उपासनाविधी) किंवा प्रभुभोजन करता येत नाही. मोठ्याने गाणे, फलक किंवा झेंडा धरून छायाचित्र काढणे यालाही पहारेकरी हरकत घेतात. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये प्रार्थना करता येते, मेणबत्ती लावता येते, पण आपला विधी तिथे करता येत नाही आणि त्यांच्या कम्युनियनमध्ये (प्रभुभोजनात) आपण सहभागी होत नाही. हा त्यांचा नियम आहे, त्यावर गाइडशी वाद घालू नये.

म्हणून कॅथलिक गटांनी थेस्सलनीकातील निष्कलंक गर्भसंभवाच्या कॅथलिक चर्चला आणि अथेन्सच्या मध्यवर्ती भागातील संत दियोनुस्य अरीयपगकराच्या कॅथेड्रलला दोन-तीन महिने आधी पत्र लिहून मराठी मिस्सेसाठी वेळ मागावी. तिथे रोजच्या मिस्सेच्या वेळा ठरलेल्या असल्याने आयत्या वेळी वेदी मिळत नाही. फादरांनी आपल्या बिशपांकडून धर्मगुरू असल्याचे अधिकृत पत्र सोबत घ्यावे. प्रोटेस्टंट गटांना अथेन्समधील संत पौलाचे अँग्लिकन चर्च विचारता येईल. दुसरा मार्ग म्हणजे हॉटेलचे छोटे सभागृह करारातच मागून घेणे. मिस्सेसाठी लागणारा द्राक्षारस आणि धातूची पात्रे चेक-इन सामानात ठेवावीत, हातातल्या सामानात नाही.

उपासनेची पुस्तिका छापूनच न्यावी: मोठी अक्षरे, दिवसवार वचने, चार-पाच सर्वांना पाठ असलेली गीते. उन्हात फोनचा पडदा दिसत नाही, आणि वाचकाच्या फोनची बॅटरी नेमकी वाचनाच्या वेळीच संपते.

## ७. शरीर आणि सामान

निघण्यापूर्वी दोन महिने रोज चालण्याचा सराव सुरू करावा. सपाट रस्त्यावर चालणे पुरेसे नाही. फिलिप्पै आणि करिंथ येथे खडी, उंचसखल दगड आणि पायऱ्या आहेत, म्हणून चढ-उतारावर चालावे. रबरी, पकड घेणाऱ्या तळव्यांचे, आधी वापरून सैल झालेले बूट घ्यावेत. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी घडीची काठी घ्यावी आणि कोणत्या स्थळी खालीच थांबायचे हे आधीच ठरवून ठेवावे.

औषधे मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि घटकनामे लिहून न्यावीत. निम्मी हातातल्या सामानात असावीत. कोडीन असलेली खोकल्याची किंवा वेदनाशामक औषधे चिठ्ठीशिवाय नेऊ नयेत. युरोपीय संघाबाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणायला प्रवाशांना मनाई आहे, त्यामुळे पेढे, बर्फी, चीज आणि सुके मांस घरीच राहू द्यावे. चिवडा आणि चकली यांना अडचण येत नाही.

चर्च आणि मठ यांच्यासाठी खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत. मठांमध्ये स्त्रियांना पँटऐवजी स्कर्ट अपेक्षित असतो आणि दारात गुंडाळायचे कापड दिले जाते. साडी चालते, मात्र पोट आणि पाठ पदराने किंवा शालीने झाकावी. स्वच्छतागृहातला कागद तिथे कमोडमध्ये न टाकता शेजारच्या डब्यात टाकायचा असतो, ही गोष्ट बारीक वाटली तरी सभेत सांगावी. आणीबाणीचा क्रमांक ११२ प्रत्येकाच्या ओळखपत्रामागे लिहावा.

## ८. वाटेवरचा क्रम

कवाला आणि फिलिप्पै. विमान शेंगेनबाहेरून थेट थेस्सलनीकाला आले असेल, तर उतरल्यावर सीमेवर बोटांचे ठसे तपासण्याची आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेण्याची नवी पद्धत आहे, गटाला त्यात वेळ लागतो. बाहेर पडून शहर पाहत बसू नये. बसने सुमारे दोन तासांत कवालाला जावे आणि पहिली रात्र तिथेच काढावी. सकाळी बंदराजवळ संत निकोलसच्या चर्चबाहेर पौलाच्या आगमनाचे मोठे मोझेक आहे. तिथे कृत्ये १६:११-१२ वाचून यात्रा सुरू करावी.

फिलिप्पै तिथून साधारण पंधरा किलोमीटरवर आहे. जवळजवळ सगळे गट आधी मोठे अवशेष पाहतात आणि दमल्यावर नदीवर जातात. वचनाचा क्रम उलट आहे. आधी नदी, मग चौक, मग तुरुंग. क्रिनिदेसजवळचा झिगाक्तिस हा ओढ्याएवढा प्रवाह आहे, झाडांची दाट सावली आहे, पाण्याच्या काठाने बसायला दगडी पायऱ्या आहेत आणि शेजारी पौलाचा संदेश इथे स्वीकारणाऱ्या लुदियेच्या बाप्तिस्म्याच्या स्मरणार्थ बांधलेले चर्च आहे. ही जागा पुरातत्त्व कुंपणाच्या बाहेर असल्याने इथे गट बसून प्रार्थना करतात. कृत्ये १६:१३-१५ वाचावे, बाप्तिस्म्याच्या वचनांचे नूतनीकरण करावे आणि मनासारखे गीत गावे, मात्र शेजारी दुसरा गट असेल तर त्यांचे आटोपेपर्यंत थांबावे. संपूर्ण यात्रेत वेळेची काटकसर करू नये अशी ही जागा आहे. तिला निदान सव्वा तास द्यावा.

त्यानंतर अवशेषांत जावे. चौकात १६:१६-२४ वाचावे, तिथून इग्नातिया या रोमन महामार्गाची फरसबंदी दिसते. जवळच एका रोमन पाण्याच्या टाकीला परंपरेने पौलाचा तुरुंग मानतात. नेत्याने "परंपरेने" हा शब्द आवर्जून वापरावा. जिथे पुरावा आहे तिथे पुरावा, जिथे परंपरा आहे तिथे परंपरा असे सांगितल्याने श्रद्धा कमी होत नाही, उलट ऐकणाऱ्याचा विश्वास वाढतो. २५ ते ४० ही वचने तिथे वाचावीत.

अंफिपुली ते थेस्सलनीका. परतीच्या वाटेवर स्त्रुमोन नदीजवळ इसवी सनपूर्व चौथ्या शतकातला दगडी सिंह आहे. कृत्ये १७:१ मध्ये अंफिपुलीचा केवळ उल्लेख आहे, तेव्हा इथे पंधरा मिनिटे पुरेत. पुढच्या प्रवासात थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र बसच्या माइकवर सलग वाचावे. शहरात दोन रात्री असाव्यात. तिथला रोमन चौक पौलानंतरच्या काळात बांधलेला आहे आणि गालेरियसची कमान तर इ. स. ३०० च्या आसपासची आहे, तेव्हा "पौल इथूनच चालला" असे सांगू नये. कृत्ये १७:१-९ चे वाचन चौकाच्या कडेला, हेडसेटवर, शांत आवाजात करावे. मिस्सा इथेच ठेवावी.

बिरुया. वेरियात पौलाच्या स्मारकापाशी मोझेक आणि जुन्या पायऱ्या आहेत. इथल्या लोकांनी रोज शास्त्र शोधून पाहिले असे १७:११ सांगते. इथे संदेश देण्याऐवजी दोघादोघांनी बसून तेच वचन वाचून बोलावे. तासभर पुरतो.

वेरियाहून अथेन्स एका दिवसात गाठणे वृद्धांना झेपत नाही. वाटेत कलंबाका येथे मुक्काम करावा. तिथले मेतेओराचे मठ बायबलमधील नाहीत, पण मुक्काम आहेच तर एक मठ पाहावा. संत स्तेफनाच्या मठात छोट्या पुलावरून जाता येते, इतरांसारखे शेकडो पायऱ्यांचे चढण नाही. प्रत्येक मठाचा आठवड्याचा बंद दिवस वेगळा असतो, तो आधी पाहावा.

अथेन्स. आधी प्राचीन अगोरा (बाजारचौक), मग अरीयपग ही खडकाळ टेकडी. पौल आधी बाजारात लोकांशी बोलला (१७:१७) आणि नंतर त्याला अरीयपगावर नेले. या टेकडीवर तिकीट नाही, म्हणून लोक संध्याकाळी सूर्यास्तासाठी तिथे गर्दी करतात. गटाने सकाळी लवकर जावे. वरचा खडक लाखो पावलांनी घासून काचेसारखा गुळगुळीत झाला आहे आणि पावसाचे चार थेंब पडले तरी पाय सरकतो. जुन्या दगडी पायऱ्यांऐवजी लोखंडी जिना वापरावा. ज्यांना शंका वाटते त्यांनी पायथ्याशी थांबावे. तिथे पौलाच्या भाषणाचा ग्रीक मजकूर कोरलेला कांस्य फलक आहे, आणि १७:२२-३१ चे वाचन तिथेच ठेवल्यास सारा गट एकत्र राहतो. २९ जून रोजी, संत पेत्र आणि पौल यांच्या सणाच्या संध्याकाळी, ऑर्थोडॉक्स चर्चची प्रार्थना या खडकावर होते, त्या दिवशी वेगळी वेळ धरावी.

अक्रोपोलिसला जायचेच असेल, तर वेळ नोंदवलेले तिकीट आधी घ्यावे लागते, रोज २०,००० लोकांची मर्यादा आहे आणि मोठ्या पिशव्या आत नेता येत नाहीत.

करिंथ आणि किंख्रिया. अथेन्सहून सुमारे ८० किलोमीटर. अपोलोच्या देवळाचे सात खांब दुरूनच दिसतात आणि गट थेट तिकडे धावतो. आधी चौकातल्या न्यायासनापाशी, बेमापाशी जावे आणि कृत्ये १८:१२-१७ वाचावे. देल्फी येथे सापडलेल्या शिलालेखामुळे पौलाचा खटला ज्याच्यापुढे आला त्या रोमी सुभेदार गल्लियोचा कारभार इ. स. ५१-५२ च्या सुमाराचा ठरतो आणि त्यावरून पौलाच्या साऱ्या प्रवासाचा काळ लावता येतो, म्हणून हे वाचन वगळू नये. त्यानंतर सावली शोधून १ करिंथ १३ वाचावे.

शेवटी केखरिएस. हे वगळण्याकडे एजंटचा कल असतो, कारण तिथे तिकीट नाही, दुकान नाही, केवळ उथळ पाण्यात बुडालेले जुन्या बंदराचे अवशेष आहेत. पण पौलाने ग्रीस सोडला तो इथूनच (१८:१८), आणि रोमकरांस पत्र १६:१ मधली फिबी इथल्याच मंडळीची सेविका. सावली नाही, स्वच्छतागृहाची खात्री नाही, म्हणून करिंथलाच सगळे उरकून, पाणी आणि टोप्या घेऊन जावे.

सावधान: कोणत्याही स्थळावरून खापराचा तुकडा किंवा मोझेकचा खडा आठवण म्हणून उचलू नये. ग्रीसच्या कायद्यानुसार प्राचीन वस्तू नेणे हा गंभीर गुन्हा आहे, आणि विमानतळावर एकाच्या पिशवीत काही सापडले तर सारा गट खोळंबतो.

## ९. रोजची शिस्त आणि परतल्यावर

रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटे उद्याची वेळ, वाचक आणि चालण्याचे अंतर सांगावे. पाच-सहा जणांचे उपगट करून प्रत्येकाचा एक प्रमुख नेमावा, बस सुटण्याआधी व्यवस्थापकाने पस्तीस माणसे मोजण्यापेक्षा सहा प्रमुखांचा होकार घेणे सोपे जाते. पासपोर्ट मात्र एकाच पिशवीत गोळा करू नयेत. प्रत्येकाने आपला स्वतः सांभाळावा आणि त्याची प्रत व्यवस्थापकाकडे असावी.

परतल्यावर पंधरा दिवसांत लेखी हिशेब द्यावा, टीसीएसची प्रमाणपत्रे वाटावीत, आणि वाचनांचा तक्ता वेळेच्या टिपणांसह, कुठे वेळ कमी पडला, कुठे ज्येष्ठांना त्रास झाला हे लिहून, चर्चच्या कार्यालयात पुढच्या गटासाठी ठेवावा.